पनवेल, पनघट आणि पासवर्डची गिरणी

गेल्या वर्षी बाबांच्या लॅपटॉपवर मी डेबियन १२ टाकून दिलं. पासवर्ड काय ठेवायचा विचारल्यावर सल्लाही मीच दिला: "बाबा, लांब ठेवा, आणि आपल्या भाषेतलं एखादं वाक्यच ठेवा. कुणाला सुचणार नाही असं." बाबांनी मराठी वाक्य ठेवलं, त्यात 'दुसऱ्या' हा शब्द होता. दोन महिने सगळं नीट चाललं. मग मी पनवेलला गेले असताना कीबोर्डची रचना बदलून इन्स्क्रिप्ट केली, कारण मला ती सोयीची. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला: "अगं, हा पासवर्ड घेतच नाहीये. मी चुकत नाहीये, चार वेळा टाकला."

ते खरंच चुकत नव्हते. माझं संशोधन पासवर्ड साठवण्याच्या पद्धतींवर आहे आणि तरी मला कारण सापडायला अर्धा दिवस लागला. त्यानंतर ज्या लायब्ररी मी तीन वर्षं वाचतेय, त्या सगळ्या एकच प्रश्न घेऊन पुन्हा वाचून काढल्या: मराठी पासवर्ड दिला तर ही काय करते? हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशोब.

आधी गिरणी समजून घेऊ

ऑपरेटिंग सिस्टीम तुमचा पासवर्ड साठवत नाही, निदान साठवू नये. ती त्याचं पीठ करून ठेवते. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही, तसंच हॅशचं आहे. तुम्ही लॉगिन करता तेव्हा दिलेला पासवर्ड पुन्हा दळला जातो आणि नवं पीठ जुन्या पिठाशी जुळतं का ते पाहिलं जातं.

यात दोन गोष्टी जोडाव्या लागतात. पहिली सॉल्ट. दोन माणसांनी एकच पासवर्ड ठेवला तरी पीठ वेगळं दिसावं, म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळी यादृच्छिक चिमूट टाकायची. त्यामुळे चोराला एकदाच तक्ता बनवून सगळ्यांवर वापरता येत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, ते सॉल्टशिवाय होते. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. दुसरी गोष्ट फेऱ्या. एकदा दळून थांबायचं नाही, हजारो वेळा दळायचं. तुम्हाला लॉगिन करताना पाव सेकंद जास्त लागतो, पण अब्जावधी अंदाज करून बघणाऱ्याला तो पाव सेकंद प्रत्येक अंदाजामागे मोजावा लागतो.

युनिक्सच्या जगात हे काम 'क्रिप्ट' नावाचं एक फंक्शन करतं. पासवर्ड आणि सॉल्ट द्या, हॅश घ्या. एवढाच करार. मात्र या करारात 'पासवर्ड' म्हणजे बाइटची रांग. अक्षरांशी क्रिप्टचा काही संबंध नाही. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. व्यंजन, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. प म्हणजे २२४, १६४, १७०. न म्हणजे २२४, १६४, १६८. पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले, फरक तिसऱ्यात.

१९७९: आठ बाइट

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा १९७९ चा निबंध या विषयाचा पाया आहे आणि आजही वाचायला आनंद देतो. सॉल्ट आणि फेऱ्या या दोन्ही कल्पना तिथे शेजारी बसलेल्या दिसतात. १२ बिटांचा सॉल्ट म्हणजे ४,०९६ प्रकार, आणि डीईएस या सांकेतिकीकरणाच्या २५ फेऱ्या. त्यांनी लोकांचे ३,२८९ खरे पासवर्ड गोळा करून लोक प्रत्यक्षात काय ठेवतात ते आधी पाहिलं आणि मग रचना ठरवली. हे शिस्तीचं काम आहे.

पण ते फंक्शन पासवर्डचे पहिले आठ बाइट आणि त्यातले प्रत्येकी सात बिट एवढंच घेतं. आता 'पनवेल' द्या. प चे तीन, न चे तीन, झाले सहा. उरलेले दोन बाइट व चे पहिले दोन: २२४, १६४. व ला व बनवणारा तिसरा बाइट १८१, तो बाहेरच राहिला. आता 'पनघट' द्या. प, न, आणि घ चे पहिले दोन बाइट, तेही २२४ आणि १६४. सॉल्ट एकच असेल तर दोघांचा हॅश तंतोतंत एकच. पनवेलवाल्याचं कुलूप पनघटने उघडतं, पनवतीनेही उघडतं.

याचा दोष मी १९७९ च्या लोकांना देणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. आणि गंमत म्हणजे यूटीएफ-८ ही रचना १९९२ मध्ये रॉब पाइकबरोबर बसून आखणारे तेच केन थॉम्पसन. माझी तक्रार पुढच्यांबद्दल आहे, कारण तोवर जग बदललेलं होतं.

१९९९: बहात्तर बाइट

नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये ओपनबीएसडीसाठी केलेलं बीक्रिप्ट मला या सगळ्यांत सर्वांत शहाणं वाटतं. कारण त्यांनी फेऱ्यांचा आकडा कायमचा ठोकून दिला नाही. यंत्रं वेगवान होणार, मग खर्च वाढवता आला पाहिजे, हे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच मांडलं. खर्च एकने वाढवला की काम दुप्पट. तेव्हा साध्या वापरकर्त्यासाठी ६ आणि रूटसाठी ८ हा आकडा होता, आज १० किंवा १२ सहज ठेवतात. रचना तीच आणि अजून उभी आहे.

पण बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं. इंग्रजी लिहिणाऱ्याला ७२ अक्षरं म्हणजे चैन. देवनागरीत ती होतात २४ चिन्हं, तीही मात्रा आणि हलन्त मोजून. माझं चाचणीचं वाक्य बघा: 'मला पावसाळ्यात कर्नाळ्याला जायला आवडतं'. रोमन लिपीत लिहिलं तर मोकळ्या जागा धरून ३८ बाइट, आरामात मावतं. देवनागरीत १०६. बहात्तरावा बाइट 'कर्नाळ्याला' या शब्दाच्या शेवटच्या काण्यातच संपतो. म्हणजे 'जायला आवडतं'च्या जागी 'अजिबात नेऊ नका' लिहिलं तरी दार उघडतं. आणि लांब वाक्य ठेवा हा सल्ला तर आपण सगळेच देत असतो.

तरीही ही मर्यादा उघड आहे, लिहून ठेवलेली आहे. वाचणाऱ्याला कळते. पुढची गोष्ट तशी नाही.

२०११: एक चिन्ह चुकलं

बीक्रिप्टची एक स्वतंत्र आवृत्ती सोलर डिझायनर या नावाने लिहिणाऱ्या अलेक्झांडर पेस्ल्याक यांनी केली, क्रिप्ट-ब्लोफिश. ती पीएचपीत गेली, पोस्टग्रेसमध्ये गेली, अनेक ठिकाणी गेली. जून २०११ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की तिच्यात दशकाहून जुनी चूक आहे. आज ती सीव्हीई-२०११-२४८३ या क्रमांकाने ओळखली जाते.

चूक एका शब्दाची. सी भाषेत बाइट 'चिन्हासहित' धरायचा की 'चिन्हाविना', हे सांगायचं राहून गेलं. सहित धरला की १२७ पेक्षा मोठा बाइट यंत्राला ऋण संख्या वाटतो. लायब्ररी पासवर्डचे चार-चार बाइट एका शब्दात भरते, आणि असा ऋण बाइट आत शिरला की आपल्या आधीचे तिन्ही बाइट पुसून टाकतो. इंग्रजी अक्षरं सगळी १२७ च्या आत, त्यामुळे इंग्रजी पासवर्डना धक्का लागला नाही. जर्मन किंवा फ्रेंच माणसाच्या पासवर्डात एखादंच अक्षर या सापळ्यात सापडायचं. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाचा प्रत्येक बाइट १२७ च्या वर आहे.

त्या वेळी याची चर्चा 'आठ-बिटी अक्षरं असलेले काही पासवर्ड' अशी झाली. संपूर्ण देवनागरी पासवर्डचं काय होतं, ते मी कागदावर मांडून पाहिलं. चार बाइटांच्या प्रत्येक गटात फक्त चौथा बाइट उरतो. समजा मोकळी जागा नसलेलं २४ चिन्हांचं वाक्य आहे, बरोबर ७२ बाइटांचं. त्यात दर चार चिन्हांमागे एकाच चिन्हाचा तो निर्णायक तिसरा बाइट जिवंत राहतो. २४ पैकी ६.

छोटे पासवर्ड थोडे नशीबवान, कारण ७२ बाइट भरेपर्यंत ते पुन्हा पुन्हा फिरवले जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वेगळे बाइट चौथ्या जागी येतात. तरी आठ व्यंजनांचा पासवर्ड घेतला तर तिसरं आणि सातवं व्यंजन पूर्ण निरर्थक ठरतं. 'सहजसमजतय' आणि 'सहवसमजलय' यांचा हॅश एकच येतो. मराठीतली ३४ व्यंजनं धरली तर त्या दोन जागांवर ३४ गुणिले ३४, म्हणजे १,१५६ वेगवेगळे पासवर्ड एकाच किल्लीने उघडतात. सॉल्ट अगदी बरोबर होता. फेऱ्या अगदी पुरेशा होत्या. पण गिरणीत टाकायच्या आधीच धान्य सांडलेलं होतं.

पेस्ल्याक यांनी चूक झाकली नाही, जुने हॅश ओळखता यावेत म्हणून वेगळी खूणही दिली, याचं कौतुक आहे. पण इतकी वर्षं ती का दिसली नाही? कारण ज्या पासवर्डांनी ती लगेच दिसली असती, ते चाचणीत कुणी टाकलेच नव्हते.

२००७: सात चाचण्या

आता शा-क्रिप्टकडे. उलरिच ड्रेपर यांनी २००७ मध्ये ही रचना मांडली, ग्लिबसीत घातली आणि पुढची बरीच वर्षं बहुतेक लिनक्सवर तीच होती. तुमच्या शॅडो फाइलमध्ये डॉलर-सहा-डॉलर दिसलं असेल तर ती हीच. कारण तांत्रिक कमी आणि कार्यालयीन जास्त होतं: मोठ्या संस्थांना अमेरिकेच्या निस्टने मान्य केलेलंच हॅश हवं होतं आणि बीक्रिप्टमधलं ब्लोफिश त्या यादीत नव्हतं.

या रचनेवर टीका करण्यासारखं बरंच आहे. फेऱ्या बदलता येतात, पण न सांगितल्यास ५,००० हा आकडा २००७ पासून तसाच पडून राहिला आणि बहुतेक प्रशासकांनी त्याला हातच लावला नाही. एका टप्प्यावर पासवर्डची जितकी लांबी तितक्या वेळा पासवर्ड आत घातला जातो, त्यामुळे ते काम लांबीच्या वर्गात वाढतं. देवनागरीची तिप्पट लांबी म्हणजे तिथे नऊपट काम. साध्या वाक्याला हे जाणवत नाही, हजारो बाइटांचा पासवर्ड मुद्दाम पाठवून सर्व्हर दमवणाऱ्याला मात्र उपयोगी पडतं.

पण मराठीच्या बाबतीत शा-क्रिप्ट प्रामाणिक आहे. ती काही कापत नाही, चिन्ह चुकवत नाही, कर्नाळ्याचं वाक्य शेवटच्या अनुस्वारापर्यंत वाचते. मग माझी तक्रार काय? तपशीलपत्राबरोबर दिलेल्या चाचण्या. सात चाचण्या आहेत: मोठा सॉल्ट, छोटा सॉल्ट, लांब पासवर्ड, फेऱ्या फार कमी मागितल्या तर काय, असं सगळं विचारपूर्वक तपासलंय. आणि सातच्या सात पासवर्ड इंग्रजी अक्षरांत आहेत. जगभर ज्यांनी ही रचना इतर भाषांत पुन्हा लिहिली, त्यांनी आपलं काम याच सातांवर ताडून पाहिलं. क्रिप्ट-ब्लोफिशसारखी चूक कुणी केली असती तर सातही चाचण्या हिरव्या दिसल्या असत्या.

बाबांचा लॅपटॉप

डेबियन ११ पासून पेस्ल्याक यांचंच यसक्रिप्ट मूळ निवड म्हणून येतं. ते वेळेबरोबर स्मृतीही खर्च करायला लावतं, त्यामुळे हजारो गाभ्यांचं ग्राफिक कार्ड लावूनही चोराला फारसा फायदा होत नाही. पासवर्ड आधी पूर्ण हॅश होतो, ७२ बाइटांची अडचण नाही. बाबांच्या लॅपटॉपवर हेच होतं. म्हणजे आजवरचं सगळं शहाणपण त्या यंत्रात होतं आणि तरी बाबा बाहेर.

कारण 'दुसऱ्या'मधला तो आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या पद्धतीने 'दुसऱ्या' २१ बाइटांचा, दुसऱ्या पद्धतीने २४ बाइटांचा. बाबा आधीच्या रचनेवर दुसरी पद्धत वापरत होते. मी इन्स्क्रिप्ट दिलं, तिथे ऱ ला स्वतःची कळ आहे, त्यांनी ती दाबली. पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके दिसतात, अक्षरं नाहीत, त्यामुळे फरक कळायला मार्गच नव्हता. 'ॲप'मधल्या ॲ चंही हेच आहे. २००८ पासून त्याला स्वतंत्र चिन्ह आहे, पण अ वर चंद्र देऊनही तो हुबेहूब तसाच उमटतो.

"यावर उपाय आहे," असं कुणी म्हणेल. निस्टची २०१७ ची मार्गदर्शिका आणि आरएफसी ८२६५ दोन्ही सांगतात की हॅश करण्याआधी मजकूर युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणा. मीही तेच समजून होते. पण ते रूपांतर ज्या जोड्या युनिकोडने समान घोषित केल्यात त्यांनाच एकत्र आणतं. र खाली नुक्ता दिलेला आणि थेट ऱ, हे दोन एक होतात. र-हलन्त-जोडचिन्ह आणि ऱ-हलन्त एक होत नाहीत. ॲ चे दोन प्रकारही होत नाहीत. म्हणजे सगळे नियम पाळणारा लॉगिन प्रोग्राम लिहिला असता तरी बाबा बाहेरच राहिले असते.

क्रिप्टने ही दुरुस्ती स्वतः करावी असं मी म्हणत नाही. ते फंक्शन बाइटांवर चालतं तेच ठीक आहे. उद्या त्याने अक्षरं सुधारायला घेतली तर कालचे सगळे हॅश मोडतील. काम त्याच्या वरच्या थराचं आहे, जिथे पासवर्ड टाइप होतो. पण तो थर म्हणतो हॅशचं खालचे बघतील, खालचे म्हणतात आम्हाला बाइट द्या. बोट आणि बाइट यांच्यामधल्या जागेची जबाबदारी कुणाच्याच नावावर नाही.

पण मराठीत पासवर्ड ठेवतं कोण?

हा प्रश्न मला आमच्या विभागातल्या चर्चेतही विचारला गेला. आकडा माझ्याकडे नाही, पण प्रश्न उलटा वाटतो. लोक ठेवत नाहीत कारण ठेवून चालत नाही, आणि चालत नाही ते दिसत नाही कारण लोक ठेवत नाहीत. सी-डॅकचं एक केंद्र इथेच खारघरला आहे. याच संस्थेने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम आणली, भारतीय भाषांत काम करता यावं म्हणून. मेनू मराठीत, फाइलचं नाव मराठीत, पत्र मराठीत. मग यंत्राच्या दारात उभं राहून जो शब्द सांगायचा, तेवढाच रोमन लिपीत का? आपल्याकडे २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संवेदनशील व्यक्तिगत माहितीच्या यादीत पहिलं नाव पासवर्डचं आहे. तो कोणत्या लिपीत असावा असं नियमात म्हटलेलं नाही.

मोठ्या सुधारणेची वाट न बघता एक छोटी गोष्ट करता येते. तुम्ही पासवर्ड साठवणारा कोणताही प्रोग्राम लिहीत असाल, कॉलेजचा प्रकल्प असला तरी, तर चाचण्यांत पाच जोड्या घाला. पनवेल आणि पनघट, सहजसमजतय आणि सहवसमजलय, आणि कर्नाळ्याच्या वाक्याचे दोन शेवट: या तीन जोड्यांचे हॅश वेगळे आलेच पाहिजेत. दोन्ही प्रकारे लिहिलेला 'दुसऱ्या' आणि दोन्ही प्रकारे लिहिलेला 'ॲप': या दोन जोड्या लॉगिनच्या चौकटीतून गेल्यावर एकच ठरल्या पाहिजेत. पहिल्या तीन आजच्या चांगल्या लायब्ररी पार करतील, बीक्रिप्ट तिसरीवर अडेल. शेवटच्या दोनसाठी तुम्हाला स्वतः चार ओळी लिहाव्या लागतील, कारण त्या तयार मिळत नाहीत. मी लिहिल्यात. आता त्या बंगाली आणि मल्याळमवर तपासतेय, कारण तिथे अशा जोड्या वेगळ्या आहेत.

बाबांचा पासवर्ड मी रूटमधून जाऊन बदलून दिला. त्यांनी विचारलं, "आता इंग्रजीत ठेवू का?" मी म्हटलं, "नको, मराठीतच ठेवा, फक्त आडवा र आणि चंद्रवाला ॲ टाळा." ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे 'फेऱ्या' पण नाही का?" इतका वेळ मी त्यांना फेऱ्या म्हणजे काय तेच समजावत होते.